घोडीची ओटी

त्या घोडीचं प्रकरण मला अजून काल घडल्यासारखं आठवतं. निजामाचं राज्य होतं. परभणीच्या ठाण्यात बायकांची झडती घ्यायला माझी नेमणूक होती. पुढे मी चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, पण तेव्हा कागदावर फक्त झडतीवाली होते.

आरोपीला सगळे उस्ताद म्हणत. परभणीच्याच एका मोतद्दाराचा, घोड्यांची निगा राखणाऱ्याचा मुलगा. हैदराबादेत बरीच वर्षं शर्यतीचा जॉकी होता. पडून गुडघा मोडला, तेव्हा रडत न बसता घोडी तयार करायला शिकला. ताडकळसजवळच्या एका देशमुखांनी त्याला ठेवून घेतलं. सहा महिने खपून त्याने त्यांची तांबडी घोडी शर्यतीसाठी घडवली. ती पहिल्यांदा मैदानात उतरायच्या आधीच एका सकाळी तबेला रिकामा सापडला.

ठाण्यात खबर आली की उस्तादानेच ती विकली. जॉकी म्हणजे लबाड, हे लोकांनी आधीच ठरवलेलं. देशमुखांनी फिर्याद दिली आणि उस्ताद कोठडीत गेला.

ठाण्याचे प्रमुख म्हणजे अमीनसाहेब. त्यांनी दरडावलं, "बोल, घोडी कुठं दडवली?"

"साहेब, मी तिला पळायला शिकवलं. दडायला न्हाई."

शिपाई हसले. अमीनसाहेब हसले नाहीत. "सोमवारी तुझं चालान करून कोर्टात धाडतो. मग तुझ्या हाती कुणी गाढवसुद्धा देणार नाही."

"ठाऊक हाय. पर ती जिथं आसंल तिथं निरोप धाडा. पळून आल्या आल्या पाणी दाखवू नका म्हणावं. लगेच पोट दुखतंय तिचं."

चोरी केलेला माणूस असं बोलत नाही, असं मला वाटलं. पण वाटण्यावर माणूस सुटत नाही.

त्याच्या बायकोची झडती मी घेतली. घोडी विकल्याचे पैसे काही निघाले नाहीत. मग अमीनसाहेबांबरोबर आम्ही देशमुखांकडे गेलो. तिथल्या बायका गोषात, परपुरुषासमोर येत नसत, म्हणून त्यांचा जबाब माझ्याकडे. आधी तबेला पाहिला. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'गव्हाणीपुढे सांडलेले तांदूळ'. उस्ताद घोडीला भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी घालायचा, मग तांदूळ कुठले? वाकून पाहिलं. दाण्यांना हळदकुंकू लागलं होतं, त्यांच्याखाली हळकुंड आणि सुपारी. पुरुषांनी ते नुसतं ओलांडलं होतं.

"साहेब, ही ओटी हाय," मी म्हटलं. "चोर घोडीची ओटी भरत न्हाई."

"मग कोण भरतं?"

"घरची बाई. दारातनं लेक निघाली की भरती तशी."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "आत जा. घाई करू नका."

देशमुखीणबाई ताठ बसल्या होत्या. "आमच्या माजघरात पोलिसाचं काय काम?"

"आईसाहेब, घोडीची ओटी तुमीच भरली नव्हं?"

त्यांचा चेहरा उतरला. "तिच्या छातीवर केसांचा उलटा भोवरा हाय, अपशकुनी. ती दारात आली तवापासून लेकाचा ताप जाईना. मालक ऐकंनात. भावाला बोलावलं आन् जिंतूरकडं माझ्या माहेरी धाडली तिला. रिकामी कशी धाडू? बाईची जात हाय ती."

"आन् उस्ताद?"

"दोन दिसांत सोडतील वाटलं."

"सोमवारी त्याचं चालान हाय. पुन्हा त्याला कुणी घोडं देणार न्हाई."

 त्या पदर सावरून उठल्या आणि दाराआडून नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घोडी मीच धाडली. त्या माणसाला सोडा."

नवऱ्याच्या घरात राहून हे बोलायला छाती लागते. मी त्या बाईंची आजही ऋणी आहे.

उस्ताद स्वतः जाऊन घोडी घेऊन आला. देशमुखीणबाईंनी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. उस्ताद म्हणाला, "आईसाहेब, मी भोवऱ्यावाल्या लय घोड्यांवर बसलोय. पडलो तो बिनभोवऱ्याच्या घोड्यावरनं." त्या पदराआड हसल्या.

संध्याकाळी ठाण्याचे कारकून मुन्शी कागद पुरा करत होते. झडतीवालीचं नाव घालायची रीत नव्हती. अमीनसाहेब म्हणाले, "हिचं नाव लिहा मुन्शीजी. आपण सगळे तांदूळ ओलांडून गेलो. वाकली ती एकटी."

पुढे नोकरीत मी नव्यांना एवढंच शिकवलं. काय गेलं ते फिर्यादी सांगतोच, आपण मागे काय राहिलं ते वाकून पाहावं. माझ्या वाकण्याचं चीज झालं, कारण त्या दिवशी एका वरिष्ठाने घाई न लावता मला आत जाऊ दिलं.