डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

बोईसरकडच्या माहीम गावच्या आत्माराम राऊतचा हात यंत्रावर बसलेला होता. तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात तो फिटर होता, आणि पंप अडला की पहिली हाक त्यालाच जायची. कारखाना बंद पडल्यावर तो घरचा पानमळा बघू लागला, पण मन रमलं ते एका जुन्या मोटारीत. एका सोबत्याकडून त्याने ती हौसेने घेतली होती. पुढे हौस बाजूला राहिली. बायकोच्या, प्रेमलाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा बोईसरला डायलिसिसची वारी मागे लागली.

आधी रिक्षाने नेऊन पाहिलं होतं. जाताना निभायचं, परतताना मात्र प्रेमला पिळून काढलेल्या फडक्यासारखी व्हायची आणि खड्ड्याखड्ड्याला तिला मळमळून यायचं. मोटारीत मागच्या सीटवर तिला आडवं होता येई. डोळे मिटूनच ती वाटेतल्या गावाचं विचारायची, "उमरोळी गेलं काय?" गेलं नसलं तरी आत्माराम म्हणायचा, "गेलं गो, कवाच."

दिवाळीनंतर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्टेअरिंगखाली यंत्र जोडलं, बटणं दाबली, दिवा विझला. काही दिवसांनी परत लागला. परत तेच. आत्मारामला वाटलं, एवढंच करायचं तर हे आपण अंगणात करू. निदान रोगाचं नाव तरी कळेल.

प्रेमला मशीनवर असताना त्याला बाहेर वेळ काढावा लागे. तो सुजितच्या पार्ट्सच्या दुकानात जाऊन बसू लागला. त्याने दिव्याचं सांगितलं तेव्हा सुजितने काउंटरवर बिघाडाचा कोड वाचणारे स्कॅनर मांडले. एक काडेपेटीएवढा, मोबाइलला जोडायचा. एक वायरीचा, छोट्या पडद्याचा. एक जाडजूड पेटीतला, त्याच्याकडे आत्मारामने पाहिलंच नाही.

"काका, गाडी कुठल्या सालची?" सुजितने विचारलं. "जुन्या गाड्या या छोट्याशी बोलत नाय. सॉकेट बसतं, पण पुढं काय नाय."

"बसतं ना? मग बोलेल."

तो काडेपेटीएवढा घेऊन घरी आला आणि सगळी सकाळ चिकूच्या झाडाखाली मोबाइल हलवत बसला. गाडी बोलली नाही. दुसऱ्या खेपेला त्याने मान खाली घालून तो परत केला. सुजित वायरीचा स्कॅनर घेऊन स्वतः रस्त्यावर आला आणि त्याच्या गाडीला लावून दाखवला. पडद्यावर अक्षरं उमटली.

"हा घ्या. इंजिनचं तेवढं वाचेल, ब्रेकचं, एअरबॅगचं नाय. तुमाला तेवढं बस. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कोड म्हणजे बिघाड नाय, बिघाड कुठं शोधायचा ते. आणि दिवा लुकलुकायला लागला तर गाडी चालवू नका."

आत्मारामने मान डोलावली. त्याचं लक्ष पडद्यावर होतं. तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही, असं तो पडदा सांगत होता. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याला नेमकं उत्तर दिलं होतं. डॉक्टरांना विचारलं की ते म्हणायचे, बघू.

त्याने प्लग बदलला. दिवा गेला, आणि त्या दिवशी तो गाडी चालवताना चक्क गुणगुणला. मागून प्रेमला म्हणाली, "आज खुशीत हायसा." चार फेऱ्यांत दिवा परत आला. त्याने कॉइल बदलली. परत आला. मग इंजेक्टर साफ करून घेतला. कोड तोच, सिलिंडर तोच. शेवटी त्याच्याजवळ बदलण्यासारखं काही उरलं नाही. स्कॅनरवर कोड पुसायचं बटण तेवढं होतं.

मग तो निघण्याआधी ते बटण दाबू लागला. प्रेमला चपला घालून ओट्यावर येईपर्यंत डॅशबोर्ड स्वच्छ. पिवळा दिवा बघून तिचा जीव खालीवर व्हायला नको, असं तो स्वतःला सांगे. पुढे पुढे वाटेतच दिवा लागायचा, आणि एप्रिलमध्ये तो लुकलुकायला लागला. आत्मारामने ते दिसताच नजर समोर रस्त्यावर ठेवली. गाडी गॅरेजला सोडली असती तर बायकोला रिक्षात घालावं लागलं असतं.

मे महिन्यात, परतीच्या वाटेवर, गाडीने चढावर दम सोडला. इंजिन खरखरलं, जळका वास आला आणि सगळं थंड झालं. त्याने स्कॅनर लावला, बटण दाबलं, चावी फिरवली. पुन्हा दाबलं, पुन्हा फिरवली. ऊन डोक्यावर होतं. मागे प्रेमलाच्या हातावरची, डायलिसिसच्या सुईच्या जागेची पट्टी लाल होत चालली होती आणि ती पदराने तिथे दाबून धरत होती.

"ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "मला सावलीत बसवा."

तिला उचलून त्याने रस्त्याकडेच्या एका ताडाखाली ठेवलं. ताडाची सावली ती केवढी. किती गाड्या गेल्या. अखेर सातपाटीला रिकाम्या टोपल्या नेणाऱ्या एका टेम्पोवाल्याने दोघांना घेतलं. मासळीच्या वासात, टोपल्यांना टेकून, प्रेमला घरी पोचली.

गॅरेजवाल्याने गाडी ओढून नेली. आत्माराम गेला तेव्हा तो हात पुसत बाहेर आला.

"काका, व्हॉल्व जळलाय. कॉम्प्रेशन नाय त्या सिलिंडरला. कच्चं पेट्रोल सायलेन्सरात जाऊन आतली जाळी वितळली, वाट बंद झाली. आधी आणली असती तर इंजिनचं हेड खोलून भागलं असतं." मग जरा थांबून त्याने विचारलं, "मधे लाइट कोण घालवत व्हता?"

आत्माराम परत फिरला.

पुढच्या पाळीला त्याने रिक्षा दारात आणली. प्रेमला गेली. त्यापुढच्या पाळीलाही गेली, आणि परत आली ती चौघांनी धरून. त्यानंतर रिक्षा आली तेव्हा ती ओट्यावरून हलली नाही.

"चल गो, उशीर व्हतोय."

"मी नाय येत."

"असं काय करतेस? मी गाडी करतो, भाड्याने—"

"गाडीचं नाय ओ. तुमी तो दिवा पुसायचात ना, मी आतून बगायची. खिडकीतून दिसायचं. मला वाटायचं, ऱ्हाऊ दे, तेवढं तरी ह्यांच्या हाती हाय." तिने श्वास घेतला. "माझं पण तसंच चाललंय. पुसतात, परत येतं. मी दमले."

विरारहून मुलगी दीपा धावत आली. ती रडली, भांडली, डॉक्टरांना फोन लावून आईच्या कानाशी धरला. प्रेमलाने ऐकून घेतलं आणि फोन परत दिला. आत्माराम भांडला नाही. भांडायला तोंड कुठलं, असं त्याला वाटत होतं. रात्रंदिवस तो तिच्या सुजलेल्या पायांशी बसून राही. एकदा तिने विचारलं, "उमरोळी गेलं काय?" त्याला "गेलं" म्हणता आलं नाही. जून लागायच्या आत ती गेली.

दीपा म्हणाली, चला माझ्याकडे. तो नको म्हणाला. दिवसकार्य झाल्यावर तो एसटीने बोईसरला दवाखान्यात गेला, प्रेमलाची तिथे राहिलेली चादर आणायला. तिच्या खाटेवर वाणगावची एक बाई झोपली होती. मशीन चालू होतं. त्या बाईचा नवरा दाराशी उभा होता, नवखा, हातात पाण्याची बाटली घट्ट धरून.

"तुमचं पण कोणी हाय काय इथं?" त्याने विचारलं.

"व्हती," आत्माराम म्हणाला.

नवऱ्याने बाटलीचं बूच घट्ट केलं. मग त्याने हळूच विचारलं, यातून माणूस बरा होतो का, तुमी इतके दिवस बगितलंय. आत्मारामने काचेतून आत पाहिलं. बाईचे डोळे मिटलेले होते. सिस्टरने चादर पिशवीत घालून दिली, ती घेऊन तो जिना उतरला.