माझ्यामागं लागलेलं विमान

पोराची सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत एक विमान माझ्या मागं लागलं होतं. विमानाची त्यात काही चूक नव्हती.

विमान माझ्या भाचीचं, गौरीचं. ती पुण्यात हवामानावर पीएच.डी. करते. मी भूगोलाचा मास्तर. वातावरणाचे थर इतकी वर्षं फळ्यावर काढतोय की आता हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही. त्यामुळं "मामा, जमिनीलगतच्या हवेचा अभ्यास करायचाय, तुमचं शेत मिळेल का?" असं तिनं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि मे महिन्यात तो माझ्याकडं नसतो.

शेत पालीजवळ, बिंदुसरा धरणाच्या अंगाला. तिथं गौरीनं पेटीतून विमान काढलं. पांढरं, थर्माकोलसारखं हलकं, पंख पसरले की बाजेएवढं. पोटात तापमान, ओलावा आणि वारा मोजायची यंत्रं. चालवायला कुणी लागत नाही. वाट आधीच ठरवून दिलेली. ते आपलं आपण गोल गोल वर चढतं आणि मोजून परत येतं.

"उपग्रह वरून बघतो, हवामान केंद्र खालून," गौरी म्हणाली. "मधल्या हवेत काय चाललंय ते फारसं कुणी बघतच नाही. आपल्याकडं ढग येतात आणि न बरसता निघून जातात. ते का, हे या मधल्या हवेत दडलंय, मामा."

"पुस्तकात असं न्हाई," मी म्हणालो.

सकाळी विमान उडालं. गौरीनं माझ्या हातात एक काळा डबा दिला. "काम संपलं की विमान या डब्यापाशी येऊन उतरतं. मी धरणाकडं जाऊन पाण्याजवळची मापं घेऊन येते. तोवर डबा सोडून कुठं जाऊ नका."

मी लिंबाखाली बसलो. जरा डोळा लागतोय तोच बायकोचा फोन.

"कुठं हाव? पाव्हणे आलेत."

"ते तर संध्याकाळी येणार होते."

"मग माघारी धाडू का? या लवकर."

पाहुणे दिंद्रुडचे. मुलीचे वडील आबासाहेब, आणि सोबत दोघं-तिघं. मुलगी आमच्या अमोलला पसंत, अमोल मुलीला पसंत. राहिलं होतं ते फक्त पाहुण्यांनी आम्हाला बघणं. (आधीची सोयरीक मी जास्त बोलल्यामुळं मोडली, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे.) या वेळी मी वेळेवर जाणं आणि गप्प बसणं, एवढंच माझ्याकडून हवं होतं.

गौरीला फोन लावला, लागेना. धरणाकडं रेंज नसते. जाणं तर भाग होतं, आणि डबा सोडून जायचं नव्हतं. म्हणून मी डबा घेऊन गेलो. पिशवीत घातला, मोटारसायकलच्या हँडलला अडकवला आणि घर गाठलं.

अंगणात पोहे चालले होते. मी डबा मांडीशी ठेवला आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसलो. आबासाहेबही कमी बोलणारे. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला पेंग यायला लागली. तेवढ्यात वरून घूं असा आवाज आला.

मागं एका पावसाळ्यात आमच्या भागात ड्रोनची अफवा उठली होती. चोर वरून घरं हेरतात म्हणून माणसांनी काठ्या घेऊन गस्ती घातल्या होत्या. त्या काठ्या अजून दाराआडच होत्या. बघता बघता गल्ली भरली. शेजारचे रफिकभाई (गॅरेजवाले, सज्जन माणूस) गच्चीवरून म्हणाले, "मास्तर, तुमच्याच घरावर घिरट्या घालालंय हे. कावून?"

आबासाहेबांनी बशी खाली ठेवली. "मास्तर, तुमच्यावर काही केस-बिस हाय का?"

"न्हाई हो. भाचीचं हाय ते. हवा मोजतंय."

"तुमच्या घरातली?"

इतक्यात शेतावर परतलेल्या गौरीचा फोन आला. "मामा, डबा कुठंय?"

"माझ्याजवळच हाय. सोडला न्हाई."

"आणि तुम्ही?"

"घरी."

ती म्हणाली, "मामा, विमान तिथंच उतरेल. त्याचा पंखा कुणाला लागला तर बोट जाईल. कुणी दगड मारला तर माझं वर्षभराचं काम जाईल. डबा घेऊन शेताकडं निघा. बॅटरी संपत आलीय."

मी पिशवी उचलली आणि पाहुण्यांसमोरून उठून पळालो. समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि बोलायचं नाही असं तर ठरलेलंच होतं. मोटारसायकल सुरू होईना. रफिकभाईंनी येऊन ढकलली. "जावा मास्तर," ते म्हणाले, "काय केलंय ते मंग सांगा."

पुढं मी. माझ्या डोक्यावर विमान. विमानामागं काठ्या घेऊन मिळेल त्या गाडीवर चढलेली गल्ली. त्यांच्यामागं पाहुण्यांची जीप, कारण जिथं मुलगी द्यायची तिथला वरबाप कुठं पळून जातोय हे त्यांना बघायचं होतं. जीपमध्ये आमची बायकोही होती. वाटेतल्या हॉटेलवाल्यानं हात करून चहाला बोलावलं. (त्याही अवस्थेत थांबावंसं वाटलं.)

शेतात पोचलो तेव्हा विमानाचा आवाज बारीक झाला होता. गौरी बांधावरून धावत येत ओरडत होती, "डबा खाली ठेवा!" मला वाटलं, विमानाला नीट दिसावा. मी डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. विमान वळलं आणि सरळ माझ्याकडं आलं. मी मागं सरकलो, आणखी सरकलो, आणि शेणखताच्या ढिगात उताणा पडलो. लगोलग विमानही त्याच ढिगात, पण अलगद.

गौरी मला ओलांडून विमानाकडं गेली. एका पंखाला तडा गेला होता. तिनं पोटातलं कार्ड काढलं, ओढणीला पुसलं, लॅपटॉपला लावलं. काठ्यावाले गोल करून उभे.

"सगळी मापं आहेत," ती म्हणाली आणि तिथंच मातीत बसून रडली.

आबासाहेब जीपमधून उतरले. विमानाशेजारी उकिडवे बसून त्यांनी तडा गेलेल्या पंखावरून हात फिरवला. "पोरी, ह्यानं पाऊस कळंल का?"

"लगेच नाही, आबा. पण का पडत नाही, ते कळेल."

"तेवढं तरी कळू दी," ते म्हणाले. "आमच्या रानात बी उडीव एकदा."

मग ते बराच वेळ तिला विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. मी ढिगातच होतो. तिथं सावली होती.

सोयरीक जमली. आबासाहेब म्हणाले, पोरगा चांगला आहे, घर चांगलं आहे, भाची तर सोनं आहे. माझ्याविषयी ते काही बोलले नाहीत, आणि बायकोनंही विचारलं नाही. लग्नात मेहुण्याकडं जेवणाचं काम होतं, रफिकभाईंकडं गाड्यांचं. माझ्याकडं काय, असं मी विचारलं तर बायको म्हणाली, "तुमी मंडपात एका जागी बसायचं. हातात काय घ्यायचं न्हाई."

बसलो. अक्षता पडेपर्यंत हललो नाही. आयुष्यात सोपवलेलं हे एकच काम मी सांगितल्याबरहुकूम केलं, असं ती आजही चारचौघांत कौतुकानं सांगते.