माहीत नाही तिथे रेघ

"माहीत नाही तिथे आडवी रेघ मारा!" असं ओरडून सर स्टीलची फूटपट्टी टेबलावर आपटायचे. सनमायक्याला कायमचे चरे पडले होते. नवा माणूस दचकायचा, आम्ही जुने फक्त चहाचे कप उचलून धरायचो. असा एखादा साहेब तुम्हीही पाहिला असेल.

बिबवेवाडीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. शाळा, कॉलेजं, दुकानं यांच्या वेबसाइट आमच्या सर्व्हरवर चालत. साइटवर कोण आलं, कधी आलं, काय मागितलं आणि काय मिळालं, हे सर्व्हर एकेका ओळीत लिहून ठेवतो. त्या नोंदीला लॉग म्हणतात. सर येण्यापूर्वी आमचा प्रत्येक सर्व्हर आपल्या मर्जीनं लिहायचा. सरांनी सगळ्यांना एका साच्यात बसवलं. आधी आलेल्या कॉम्प्युटरचा पत्ता, मग माणसाचं नाव, मग वेळ, मग बाकीचं. नाव कळलं नाही, तर तिथे आडवी रेघ. जागा रिकामी सोडायची नाही आणि अंदाज तर मुळीच लिहायचा नाही.

मी एकदा शहाणपणा केला. रेघा भकास दिसतात म्हणून त्या जागी 'पाहुणा' असा शब्द येईल अशी सोय केली. सरांनी माझा कीबोर्ड वायरसकट उपटून भिंतीवर फेकला.

"अहो, आपण लॉग लिहिताय की कादंबरी? पाहुणा होता हे कोणी सांगितलं? आमंत्रण आपण दिलं होतं का?"

बटणं आठवडाभर कुठे कुठे सापडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्या टेबलावर नवा कीबोर्ड होता, स्वतःच्या खिशातून आणलेला.

एका दुपारी वाघोलीच्या एका कॉलेजच्या साइटवर कोणीतरी घाणेरडा मजकूर चढवला. दोन तासांत दहाबारा माणसं आमचा जिना चढून आली. काहींच्या हातात स्टंप, एकाच्या हातात लोखंडी गज. त्यांना नाव हवं होतं, आणि ते नाव त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

"तुमच्याकडं तो शेख आहे ना? त्यानंच केलंय. लिहून द्या."

शेख आमचा सहकारी, ती साइट तोच सांभाळायचा. सरांनी त्याला सर्व्हरच्या खोलीत ढकललं, बाहेरून कुलूप घातलं आणि लॉगचा कागद त्या लोकांपुढे धरला.

"हा बाहेरचा पत्ता. ही वेळ. नावाच्या जागी रेघ आहे."

"मग लिही की नाव!"

"माहीत नाही तिथे रेघ."

स्टंप सरांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी टेबलाखालून ऐकला. होय, मी टेबलाखाली होतो. मॉनिटर फुटत होते, काचा माझ्या पाठीवर पडत होत्या. काहीजण खोलीच्या दाराला लाथा घालायला लागले, तसे सर दारावर जाऊन आदळले आणि डाव्या हातानं त्यांनी कुलूप मुठीत धरलं. "लिही!" पाठीत फटका. "रेघ." पुन्हा फटका. "रेघ." मग एकानं मागून डोक्यात गज घातला. सर दार धरूनच खाली घसरले. एवढं रक्त पाहून ती माणसं बिचकली आणि जिना उतरून पळाली. शेखच्या अंगाला ओरखडासुद्धा आला नाही.

हॉस्पिटलात हवालदार जबाब घ्यायला आले. स्टंपवाल्याचं वर्णन सरांनी शर्टाच्या रंगासकट सांगितलं.

"आणि गज कोणी मारला?"

"मागून मारला. पाहिलं नाही."

"अंदाजे सांगा की. म्होरक्याच असणार. त्याचं नाव घालू."

"अहो, अंदाज कशाला? रेघ मारा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिला?"

मी पाहिला होता. टेबलाखालून अगदी समोर दिसला होता. म्होरक्या नव्हताच तो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची डेअरी आहे, माझी मुलगी त्याच्या दारावरून शाळेत जाते.

"नाही," मी म्हणालो.

सरांनी डोक्याच्या बँडेजमधून माझ्याकडे पाहिलं आणि कौतुकानं मान हलवली.

"बघा हवालदारसाहेब, हा शिकला."

चौथ्या दिवशी सर गेले. त्या कौतुकाइतकी लाज आजवर मला कशाचीच वाटलेली नाही. फूटपट्टी माझ्या खणात आहे, ती टेबलावर आपटायची माझी छाती होत नाही. केसच्या कागदात त्या जागी अजून रेघच आहे, आणि मी रोज सकाळी त्याच डेअरीतून अर्धा लिटर दूध आणतो.