भिंतीवरचे मोतीबाबा

जुन्या तसबिरीच्या पाठीचे खिळे उपसले, की एक वास सुटतो. वाळलेल्या खळीचा, कसरीने खाल्लेल्या पुठ्ठ्याचा, कुणीतरी कधीकाळी घालून ठेवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी कोंडून राहिलेल्या हवेचा. अत्तराने माझं डोकं दुखतं, पण या वासासाठी मी भर वैशाखात एसटीचे धक्के खात तापीकाठ गाठते. यंदाही गाठला; आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, हे खिळे आपण उपसलेच नसते तर बरं झालं असतं.

लोणखेड्याला चित्रकला शिकवता शिकवता माझे केस पिकले. पोरांनी काढलेले दोन डोंगर आणि त्यांच्यामधून उगवणारा तो ठरलेला सूर्य तपासून जो वेळ उरे, तो मी जुन्या कोरीव व्यक्तिचित्रांच्या नादात घालवला. तांब्याच्या नाहीतर पोलादाच्या पत्र्यावर बारीक कोरणीने रेघ न् रेघ खणायची, त्या चरांत शाई भरायची आणि ओलसर कागद दाबून एक चेहरा उमटवायचा, ही ती विद्या. पुण्याच्या जुन्या बाजारात फाटक्या ग्रंथांतून सुटलेली अशी पानं मी धुंडाळत बसे, तेव्हा नातेवाईक म्हणत, हिला जिवंत माणसांचं वावडं आहे. त्यांचं अगदीच चूक नव्हतं म्हणा. मी तोंडाची फटकळ. नकलेला नक्कल म्हणायला मी कधी कचरले नाही, मग समोरच्याचं तोंड उतरो, की माझा चहा बुडो.

तापीकाठच्या सुमनताईचा, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईचा, निरोप आला तो मोबाइलवरून. पुतण्याकडून तिने एक फोटो पाठवला होता: काच धुरकटलेली, चौकटीला हार, आणि आत पागोटं घातलेला, मिशीवाला, शांत डोळ्यांचा एक गृहस्थ. हे त्यांच्या घराण्यातले मोतीबाबा. तिच्या सासऱ्याच्याही आजोबांच्या पिढीतले. मोजणीच्या गोऱ्या साहेबाबरोबर साखळी धरायला म्हणून सातपुड्यात गेले, ते परतलेच नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी कुणा वाटसरूने हे चित्र दारात आणून दिलं, साहेबानेच काढवून पाठवलं म्हणून. माणूस गेला तो गेला, पण त्याचा चेहरा वाट शोधत घरी आला, असं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

या चित्राची पारख तिला आत्ताच का हवी होती, ते मला न सांगता कळलं. दिनेश तिचा एकुलता एक. माझाच विद्यार्थी. चित्रकलेत यथातथाच, पण तास संपला की रंगाच्या वाट्या धुवायला सगळ्यांच्या आधी धावणारा. सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला, दर आठवड्याला फोन करायचा, आणि एका श्रावणात त्याचा फोन लागेनासा झाला. पोलीस झाले, दवाखाने झाले, स्टेशनं पालथी घालून झाली. त्यालाही आता बरीच वर्षं लोटली. सुमनताईचा नवरा त्याच्या आधीच गेलेला, म्हणजे वाट बघायला ती एकटीच.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतात. कोऱ्या घागरीवर छोटं मडकं, त्यावर खरबूज, सांजोरी, आंबा. आणि उंबरठ्यावर गेलेल्या एकेकाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढायचं. यंदा तिच्या दिराने हळूच विषय काढला होता, की आता दिनेशचंही नाव घ्यावं. माणूस वाईट नाही, पुतण्यासाठी सुरतेच्या गल्ल्या त्यानेच तुडवल्या. तो एवढंच म्हणाला होता, "पोऱ्याले पानी नको का, वहिनी?"

आखाजीच्या आदल्या दिवशी मी पोचले, तेव्हा दुपार नुसती भाजत होती. केळीच्या बागांवरून येणारा वारासुद्धा गरम, अंगणातल्या लिंबाखाली तेवढा सावलीचा एक गोल. सुमनताईने चित्र स्वतः उतरवलं, पदराने काच पुसली आणि माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "बाई, हाऊ मानूस खरंच आम्हना शे का? तू सांगशी ते मी मानसू." मोतीबाबा खरे असतील, तर मागमूस न ठेवता गेलेलं माणूस कधीतरी, कोणत्यातरी रूपाने दारी येतं; मग दिनेशचं बोट उंबरठ्यावर ओढायची घाई कशाला? तिचा सगळा हिशेब एवढा साधा होता, आणि तो तिने माझ्या भिंगावर सोडला होता.

पाठीचे खिळे उपसून मी कागद बाहेर काढला, भिंग लावलं आणि आधी माझं मन हरखलं. कॅलेंडरच्या छपाईत दिसतात तसे एकसारखे ठिपके इथे नव्हते. कोरणी जिथे खोल गेली तिथे रेघ फुगलेली, जिथे उचलली तिथे केसासारखी निमुळती. गालांवरची सावली सुट्या बारीक टिंबांनी घडवलेली. आणि चित्राभोवती कागद चौकोनात किंचित दबलेला, पत्र्याच्या कडेची ती खूण. अस्सल जुना कोरीव ठसा, यात शंकाच नव्हती. पण खालची नावाची पट्टी कुणीतरी कधीच कापून टाकली होती, आणि माझ्या पिशवीत एक पान होतं. फोटो पाहताच चेहरा ओळखीचा वाटला म्हणून पेटीतून काढून आणलेलं. दोन्ही शेजारी मांडले. शालीच्या काठापाशी कोरक्याचा हात निसटून एक आगाऊ रेघ बाहेर गेली होती. दोन्हीकडे तीच रेघ, तितकीच, तिथेच. असा निसटता हात दोनदा जमत नाही. म्हणजे दोन्ही चित्रं एकाच पत्र्याची, आणि माझ्या पानाखाली नाव होतं दूर दक्षिणेतल्या कुठल्याशा दरबाराच्या दिवाणाचं.

खोटं बोलायला जागा होती. त्या काळी पत्र्यावरचं नाव खरवडून तोच चेहरा दुसऱ्याचा म्हणून खपवणारे छापखाने होते. माझ्या पानावरचं नावच चुकीचं असेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकले असते, आणि तिने ते डोळे मिटून मानलं असतं. पण पागोट्याचा तो घाट आमच्या मुलखातला नव्हे, गळ्यातले मोत्यांचे पेड साखळी धरणाऱ्याचे नव्हेत. मी भिंग खाली ठेवलं आणि सांगितलं, "सुमनताई, हे तुमचे नाहीत."

तिने माझ्याकडून खिळे पुन्हा ठोकून घेतले आणि चौकट होती तिथे टांगली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माले बी तसंच वाटे. पन तू खोटं बोलशी, आसं वाटनं व्हतं."

अगं माय! गावात गोड बोलणारी इतकी माणसं असताना ही माझ्यासारख्या फटकळ बाईकडे आली होती ती याचसाठी, की माझं खोटं तिला खऱ्यासारखं वापरता आलं असतं. इतरांचं दिलासा ठरलं असतं, माझं पुरावा झालं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी चुकले का? अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आखाजीची सकाळ उजाडली ती आंब्याच्या आणि ओल्या मातीच्या वासाने. कोऱ्या घागरीतून पाणी पाझरत होतं. सुमनताईने उंबरठा धुतला, बसली, आणि एकेक नाव घेत बोटं ओढू लागली. सासरा, सासू, नवरा. मोतीबाबांचंही नाव घेतलं; चित्र नसलं म्हणून माणूस थोडाच नसतो. मग ती थांबली. दीर दारातच उभा होता. तिने पुन्हा कुंकवात बोट बुडवलं.

तिने भिंतीवरच्या त्या परक्या दिवाणाकडे पाहिलं. "याले बी," ती म्हणाली, "यान्या मायनी बी यानी वाट दखी व्हई." आणि नाव न घेता त्याच्यासाठी एक बोट ओढलं. ज्याचं नाव कुणीतरी कात्रीने कापून टाकलं होतं, ज्याला कोणाच्या तरी आजोबांच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या हार मिळाला होता, त्याला त्या दिवशी प्रथमच त्याच्या स्वतःच्या वाट्याचं पाणी मिळालं. परक्या चेहऱ्यांवर भिंग धरण्यात माझा जन्म गेला, पण त्यांच्यातल्या एकालाही घरी कुणी आई असेल, हे कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

सुमनताई उठली, बोटावर उरलेलं कुंकू तिने पदराला पुसलं. चुलीतल्या निखाऱ्यांवर पितरांना पुरणाचा नैवेद्य दाखवून झाला, पंगत मांडली गेली, आणि दिराची सून वाढायला आली तेव्हा सुमनताई आतून रोजच्याच आवाजात म्हणाली, "दिनेशनं ताट वाढ वं."

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. आणि मी, जिने आदल्याच दिवशी या घरातलं खोटं पकडलं होतं ती, चटईवर थोडी सरकले आणि दिनेशच्या ताटाला माझ्या शेजारी जागा करून दिली.