लेकीची पर्स

ओमानमधल्या सोहारच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तिथे माझं काम परवानगी देण्याचं आहे. कोणाला वेल्डिंग करायचं असेल, टाकीत उतरायचं असेल, उंचावर चढायचं असेल, तर आधी माझ्या टेबलावरून परमिट न्यावं लागतं. गॅस तपासलाय का, आग विझवायचं नळकांडं जवळ आहे का, लक्ष ठेवायला माणूस उभा आहे का, हे सगळं जागेवर जाऊन बघायचं आणि मग सही करायची. सही नाही तर काम बंद. माझ्या पाठीमागे लोक मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, त्यातल्या त्यात 'खडूस' हे सौम्य. बायकोचं म्हणणं, हा स्वभाव मी कारखान्यातून घरी आणला. माझं म्हणणं, घरूनच तिथे नेला. झोपायच्या आधी सिलिंडरचा कॉक बंद केलाय की नाही यावरून आमची जेवढी भांडणं झालीत तेवढी सासरमाहेरावरूनही झाली नसतील.

त्या दिवशी साडेचारला मी कामावरून आलो होतो. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि लेक निघायच्या गडबडीत असते. त्याच गडबडीत ती व्हिडिओ कॉल लावते आणि फोन ओट्यावर टेकवून ठेवते. तिची कामं चालू राहतात आणि आम्हाला तिची पाठ बघायला मिळते. ती फिजिओथेरपिस्ट आहे, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे गुडघे-खांदे चालते करते. बायको आत चहा टाकत होती. लेकीला गाडीची किल्ली सापडेना. वैतागून तिने पर्स उचलली आणि अख्खी ओट्यावर उलटी केली. टिश्यू, लिपस्टिक, केसांचे चाप, नातीचा एक मोजा, आणि त्यात एक काळं, जाड मुठीचं पिस्तूल.

आधी वाटलं खेळण्यातलं असेल, नात चार वर्षांची आहे. मग लेकीने वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरूनच मला समजलं. तिने ते उचलून पर्समध्ये ठेवलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, आईला सांगू नका. मी नंतर बोलते." तेवढ्यात बायको कप घेऊन आली आणि "सापडली का गं किल्ली?" म्हणून विचारायला लागली. किल्ली फ्रिजवर होती.

दुसऱ्या दिवशी लेकीचा आवाजी मेसेज आला. तो मी इमारतीखाली गाडीत बसून, एसी लावून तीनदा ऐकला. एका पेशंटचा मुलगा दोनदा तिच्या गाडीमागून आला होता, एकदा थेट घराच्या पार्किंगपर्यंत. पोलिसांना फोन केला, त्यांनी नोंद घेतली आणि निघून गेले. तिच्या ऑफिसातल्या सगळ्याजणी जवळ पिस्तूल ठेवतात. "आधी क्लास, टेस्ट, लायसन्स, सगळं लागायचं बाबा. आता आमच्या स्टेटमध्ये लॉ बदललाय. परमिट लागत नाही. पर्समध्ये ठेवलं तरी चालतं. एव्हरीथिंग इज लीगल." 'परमिट लागत नाही' हे तिने असं सांगितलं जसं कोणी सांगावं की आता विमानतळावर फॉर्म भरावा लागत नाही.

मला रागाने घाम फुटला. साध्या ग्राइंडरला परमिट नाही म्हणून मी माणसं परत पाठवलेली आहेत, एकदा तर आमच्या मॅनेजरलासुद्धा. आणि इथे माझी मुलगी भरलेलं पिस्तूल मोज्याखाली ठेवून हिंडते आणि सरकार म्हणतं, खुशाल हिंड. तिचं ग्रीन कार्ड आलं तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. ते नसतं तर तिला हे घेताच आलं नसतं, हेही मला नंतरच कळलं. मी लिहून विचारलं, "चालवायला शिकलीस का?" उत्तर आलं, "व्हिडिओ बघितले. शूटिंग रेंजवर एकदा जाऊन आले." आणि त्यापुढे एक हसरा चेहरा.

पण तिला बोलू तरी काय? तो माणूस पार्किंगपर्यंत आला होता हेही खरंच होतं. मी सोहारमध्ये, ती तिकडे. 'ठेवू नकोस' म्हणावं आणि उद्या काही झालं, तर? 'ठेव' म्हणावं तर जीभ वळत नव्हती. जावई स्वभावाने फार शांत. त्याला फोन केला तर म्हणाला, "बाबा, इथे नॉर्मल आहे हे." बायकोला सांगायची बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवसांत खाल्ला. जेवताना बायको विचारायची, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" मी शटडाऊनचं नाव सांगायचो. कारखान्याची वर्षाची मोठी दुरुस्ती आली होती, ते खोटंही नव्हतं.

आमच्या पाळीचा सुपरवायझर ओमानी आहे, जवळच्याच खाबुऱ्या गावचा. लग्नसमारंभात कमरेला चांदीचा खंजर लावून काढलेले त्याचे फोटो मी पाहिलेले आहेत. त्याच्या वडिलांकडे जुनी बंदूक आहे हेही ऐकून होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ती कुठे ठेवता म्हणून. तो आमच्यासारखंच मोडकंतोडकं हिंदी बोलतो. म्हणाला, "लायसन्स है. कपाट में लॉक. चाबी बाबा के पास, अम्मी को भी मालूम नहीं." मग माझ्याकडे बघून, "क्यों सदीक, तुमको क्या काम?" सदीक म्हणजे दोस्त, इथे सगळे एकमेकांना तसंच म्हणतात. मी म्हटलं, बातमी वाचली होती. त्याने तेवढ्यावर सोडून दिलं आणि आम्ही टाकीच्या परमिटला लागलो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगायला मला आजही जड जातं, कारण तेव्हा मला तिचं फार कौतुक होतं.

आदल्या वर्षी आम्ही दोघं लेकीकडे दीड महिना राहून आलो. नातीला मराठी येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. समजायचं, पण बोलायची वेळ आली की इंग्रजी. मी ठरवलं की निदान एक तरी गोष्ट आपली शिकवून जायची. रोज संध्याकाळी मी कापडी पिशवी घेऊन फिरायला जायचो आणि येताना खाऊ आणायचो, कधी राजगिऱ्याची वडी, कधी इथून नेलेला खजूरच पिशवीत टाकून पुन्हा घरी आणायचा. तिला सांगितलं, बाहेरून माणूस घरी आलं की धावत जायचं, पिशवीत हात घालायचा आणि विचारायचं, "काय आणलं?" आमच्या लहानपणी हेच होतं. वडील ऑफिसातून आले की त्यांची पिशवी आधी आम्ही तपासायचो, मग ते चपला काढायचे. पोरगी आठवड्यात तयार झाली. हात कोपरापर्यंत आत जायचा. लेक एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, ती डेकेअरच्या मॅडमच्या बॅगेतपण हात घालते आता." मी पोट धरून हसलो होतो. नातीला न अडखळता येणारं मराठी वाक्य ते एकच, आणि ते माझं.

इतके दिवस पिस्तुलाने माझी झोप उडवली होती आणि हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नाही. लोकांना धोके ओळखायला शिकवतो मी, पगार त्याचाच घेतो. शनिवारी संध्याकाळी कॉल चालू होता, तिकडे सकाळ होती. फोन जावयाच्या हातात होता. बायको नातीला कसलंसं गाणं म्हणून दाखवत होती. दार उघडलं, लेक दुकानातून आली. एका हातात भाजी, खांद्याला पर्स. नात उठली, धावली, "मम्मा, काय आणलं?" आणि हात पर्समध्ये.

मी ओरडलो. "हात काढ! हात काढ आधी!" शेजारच्या फ्लॅटमधल्यांनीही ऐकलं असणार. नातीने हात काढला. तिला वाटलं तिनेच काहीतरी वाईट केलं. ती मागे सरकली आणि ओठ काढून रडायला लागली. लेकीने पर्स छातीशी धरली होती. आपल्यालाही हे सुचलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. घाबरलेलं माणूस चिडतं तशी ती चिडली. "बाबा, तुम्ही तिला घाबरवलंत," म्हणाली आणि कॉल कट झाला.

बायकोने मला विचारलं, "पर्समध्ये काय आहे?" मी सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. उठून तिने गॅसवरचं दूध उतरवलं आणि तिथूनच विचारलं, "तुम्हाला किती दिवस माहीत होतं?" मी म्हटलं, तीन आठवडे. त्यावर ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. माझी लाज मला पुरून उरली.

लेकीने आठ दिवस फोन उचलला नाही. आठ दिवस म्हणजे काय असतं ते मला मोजून माहीत आहे. मी रजा मागितली, तर उत्तर आलं, शटडाऊन खलास झाल्यावर बघू, तोवर कुणालाच नाही. बायको म्हणाली, "मी जाते एकटी." तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते, तरी जायला तयार झाली. तिने जावयामार्फत विचारलं. लेकीचा निरोप आला, "आईला सांग, आत्ता नको." बाळंतपणाला जिने आईला सहा महिने हलू दिलं नव्हतं, तिचा हा निरोप. बायकोने तो दोनदा वाचला आणि फोन पालथा घालून ठेवला.

नवव्या दिवशी लेकीनेच फोन केला. तिने लहान लोखंडी पेटी आणली होती, आकड्यांचं कुलूप असलेली. घरी आलं की पिस्तूल पेटीत, पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर. "रोज रात्री फोटो पाठवीन, पेटी बंद केलेली. बास? पण लेक्चर नको बाबा. आणखी एकदा लेक्चर दिलंत तर मी कॉल बंद करीन, खरंच सांगते." नातीला तिने सांगितलं होतं की बॅगेत हात घालायचा नाही. नात पडद्यावर यायला तयार नव्हती. आतून आवाज आला, "आबा शाउट्स." मी अटी मान्य केल्या. न करून सांगतो कुणाला.

तिकडे रात्र होते तेव्हा इथे सकाळचे साडेपाच वाजतात. त्याच वेळी फोटो यायचा. फळी, पेटी, कुलपाच्या चार चकत्या. बायको उठल्या उठल्या विचारायची, "आला का?" मी आला म्हटलं की ती देवाला दिवा लावायची आणि तिच्या हालचालीत फरक पडायचा. तिची बीपीची गोळी वाढवावी लागणार होती, ते वाढवणं डॉक्टरांनी थांबवलं. घर पुन्हा घरासारखं व्हायला लागलं. नात एकदा दोन मिनिटं पडद्यावर आली आणि तिने मला नवीन बूट दाखवले. त्या दिवशी मी कारखान्यात चक्क कुणावर चिडलो नाही.

असा महिना गेला असेल. एका सकाळी फोटो आला, मी अंगठा पाठवला आणि बूट घालायला बसलो. तेवढ्यात काहीतरी खटकलं. बूट तसाच ठेवून मी पुन्हा फोन काढला. पेटीच्या बाजूला फळीवर नातीचं पिवळं जाकीट होतं, त्याची एक बाही खाली लोंबत होती. कालच्या फोटोत तीच बाही, तशीच. परवाच्याही. कुलपाच्या चकत्या त्याच आकड्यांवर, कोपऱ्यात उजेडाचा तोच ठिपका. पाच दिवस मागे गेलो. पाचही दिवस एकच फोटो.

हे मी ओळखणारच. कामावर लोक हेच करतात. कालच्या परमिटवर आजची तारीख घालून आणतात. वाईट म्हणून करत नाहीत, दमलेले असतात, काल काही झालं नाही म्हणजे आजही होणार नाही असं वाटतं त्यांना. पकडलं की मी कागद फाडतो आणि काम थांबवतो. एवढ्या वर्षांत एकदाही सोडलेलं नाही.

मी लेकीचा नंबर काढला. अंगठा हिरव्या बटणावर होता. विचारलं की ती चिडणार. चिडली की फोटो बंद, कॉल बंद, नात बंद. आणि पेटी? ती उघडी असेल, तर माझ्या ओरडण्याने बंद होणार नव्हती. कदाचित बंदच असेल, कंटाळून जुना फोटो पाठवत असेल. कदाचित पर्स सोफ्यावर पडली असेल. इथून मला काय दिसणार? एक फळी आणि एक बाही. माझ्या सहीला तिकडे किंमत नव्हती, तिकडे कुणाच्याच सहीला किंमत राहिली नव्हती. खाली कारखान्याच्या बसने हॉर्न दिला.

बायको आतून आली, हातात काड्यापेटी, केस अजून विंचरायचे होते. रात्री तिला चांगली झोप लागली होती, ते दिसत होतं.

"आला का हो फोटो?"

"आला," मी म्हटलं.

"बंद आहे ना पेटी?"

"बंद आहे," मी म्हटलं आणि बुटाची नाडी बांधली.