गाववार बॅकअप

कॉम्प्युटर मी पन्नाशीनंतर शिकले, आपली आपणच, चुकतमाकत. त्यामुळे असेल, मशीनने ‘झालं’ म्हटलं की मला आधी शंकाच येते.

पनवेलच्या आमच्या छोट्या संस्थेत खाडीकाठच्या मच्छीमार घरांचे जुने कागद आम्ही स्कॅन करून ठेवतो. होडीचे परवाने, बापजाद्यांचे दाखले. या खाडीत आम्हीच मासे मारत होतो, हे सांगायला दुसरं आहे काय? कित्येक मूळ कागद तर वाळवीने खाल्ले. जुना सर्व्हर काढायचा ठरला, तेव्हा सर्व्हर बघणारे पिकल्या केसांचे गृहस्थ म्हणाले, “ताई, नव्यावर सगळं चढवलं. आता जुनं मशीन पुसतो.”

मी बॅकअपच्या फाइली पाहिल्या. इतक्या कागदांचे फोटो, आणि फाइली एवढ्याशा? खरं सांगते, हा माणूस कागद कुणाला विकतोय की काय, असंच मनात आलं. इथल्या जमिनींचे भाव बघता कुणाचा भरवसा धरायचा?

“गव्हाण गावाची फाइल उघडून दाखवा.”

“ताई, माझ्यावर संशय?”

“हो. उघडा.”

नावं होती, गाव होतं. फोटोच्या जागी नुसता आकडा. त्यांचा चेहरा उतरला.

चूक माझीच निघाली हो. शेजारच्या जासईचा कागद गव्हाणच्या गठ्ठ्यात गेला की दोन्ही गावांचं भांडण ठरलेलं, म्हणून मीच बजावलं होतं, बॅकअप गाववार घ्या, एकेका टेबलाचा, म्हणजे एकेका गावाच्या यादीचा. आणि आमच्या सर्व्हरमध्ये टेबलात राहतो फक्त फोटोचा नंबर. फोटो म्हणजे मोठी वस्तू, ते सगळ्या गावांचे एका वेगळ्याच कोठारात. अख्ख्या डेटाबेसचा बॅकअप घेतला तर कोठार आपोआप येतं. एकच टेबल मागितलं, तर मूळ सेटिंगच अशी की ते मागे राहतं. वर सांगतही नाही मेलं!

गव्हाणच्या समितीतली बाई शेजारीच बसली होती. ती ताडकन म्हणाली, “म्हंजे आमचे फोटू इतकी वर्सं त्या जासईवाल्यांच्याच संगती?”

“अगं बाय, जुनं मशीन पुसलं असतं तर दोन्ही गावांचे गेले असते.”

तिने खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. मग म्हणाली, “घ्या एकत्र. पण मी एकेक बघणार हाय.”

अख्खा बॅकअप घेतला, नव्या मशीनवर चढवला. दोन दिवस आम्ही दोघी फोटो उघडत बसलो. तिच्या सासऱ्यांचा परवाना दिसला, तेव्हा तिने पदराने कॉम्प्युटरचा पडदा पुसला आणि मला म्हणाली, “आता जासईचे लाव.”