मिस्टरांच्या नावाने आलेला ईमेल

मिस्टर जाऊन चार महिने झाले. आज त्यांना ईमेल आला. नागपुरात एक को-वर्किंग ऑफिस, म्हणजे भाड्याने टेबल घेऊन कुणीही काम करायची जागा, उघडणार आहे. त्याआधीच तिथले लोक नाव नोंदवलेल्यांना 'आपलं कुटुंब' म्हणून दर आठवड्याला लिहितात. मिस्टरांनीही नाव नोंदवलं होतं. आजच्यात होतं, 'तुमच्या सूचनेप्रमाणे फोनवर बोलायला बंद खोली केली आहे.'

सगळ्यांना हेच पाठवत असतील, असं वाटून मी यादीतून त्यांचं नाव काढायला फोन केला.

"ताई, सरांनीच तर लिहिलं होतं, 'मले हळू बोलताच येत नाही'," मिस्टरांचं नाव सांगताच तिथली मुलगी हसत म्हणाली.

अगदी त्यांचंच बोलणं. ते आता नाहीत, हे मी सांगितलं. मग ती म्हणाली, "उद्घाटनाले तुम्ही या नं ताई. खोली पाहून जा."

ही माया, की नवीन गिऱ्हाईक धरणं? नाव काढायला मात्र मी सांगितलं नाही. तुम्ही गेला असता का?